खताच्या गोण्यांचं शीड

माझं नाव लिंबाजी, राहणार चकलांब्याच्या पलीकडल्या वस्तीवर, अन् गावात मला नाना म्हणत्यात, काही जण थापाड्या नाना बी म्हणत्यात, ते तुमी लिहू नका, लिहिलं तरी माझी ना न्हाई. माझा जनम उसाच्या फडात झाला. आईनं सकाळी एक गाडी भरली, दुपारी मला जनम दिला अन् दिवस मावळायच्या आत दुसरी गाडी भरली, असं ती सांगायची, अन् मी तिच्याच पोटचा म्हणल्यावर त्यात किती खरं ते तुमीच वळखा. पुढं एकदा वाढ्याच्या, म्हंजी उसाच्या शेंड्याकडल्या पाल्याच्या, सावलीत मला निजवलं अन् घाईत मोळीसंगं मला बी बांधलं, गाडी गेली कारखान्याला, काट्यावर चढली, तर तुमाला सांगतो, माझं पहिलं वजन उसाच्या भावात झालंय.

आता असल्या माणसाचा अन् होडीचा काय संबंध, असं तुमी विचारणार. आमच्याकडं पाणी म्हंजी टँकरमधून येणारी वस्तू. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, अन् विहिरीला पाणी कमरेएवढं, म्हंजी मी चालायलाच शिकलो म्हणा की. ही सगळी भानगड कांतापायी. कांता माझी बायको. आमी दोघं मिळून एक कोयता. फडात नवरा-बायको वेगळे मोजत न्हाईत, किती कोयते आले, वीस कोयते आले, म्हंजी चाळीस माणसं. तर माझ्या कोयत्याची धार म्हंजी कांता, मी नुसती मूठ, हे मी फडात कबूल करीत न्हाई, पर तुमी लांबचे हाव, तुमाला सांगायला हरकत न्हाई.

कांताचं माहेर बोरथडी. सिंदफणेच्या काठाला गाव व्हतं, व्हतं म्हणायचं कारण आता ते माजलगावच्या धरणात हाय, तळाला. आमचं लगीन झालं अन् दुसऱ्या वर्षी तिथं पाणी शिरलं. लोक पांगले, कोण कुठं गेलं, तिचा भाऊ आईला घेऊन परभणीकडं गेला. आता आमच्याकडं नागपंचमीची रीत काय हाय, तर लेकीला न्यायला माहेरून मुराळी येतो, भाऊ न्हाईतर भाचा कुनीबी, अन् ती पिशवी भरून निघती, झोका खेळती, बांगड्या भरती, चार दिस राहती. आमच्या वस्तीवरच्या सगळ्या बाया निघायच्या, अन् कांता वट्यावर बसून त्यांच्या पिशव्या बघायची. मी म्हणायचो, अगं भावाकडं जा की. जायची बी कधीमधी. पर ती म्हणायची, ते भावाचं घर हाय, माहेर न्हवं, तिथं ना आमची बारव ना आमचा लिंब ना बोराईचं देऊळ, तिथल्या मोरीत पाय धुतले म्हणून मी माहेरी आले असं कसं व्हईल.

एका दुष्काळात धरण आटलं अन् देवळाचा कळस उघडा पडला. लोक ट्रॅक्टर करून बघायला गेले, फोटो काढून आले. मी बी म्हणलं, चल कांते. ती म्हणली, उघडंवाघडं पडलेलं माहेर बघायला जायचं असतंय व्हय. गेली न्हाई. मला तवा राग आलता, आता येत न्हाई.

मागच्या हंगामात आमी कोल्हापूरच्या अंगाला फडात व्हतो, तवा तिची आई वारली. निरोप उशिरा पोचला, आमी परभणीला पोचलो तवर दहावा झाला व्हता. भावानं कांताच्या हातात एक गठुडं दिलं, त्यात हिरवा खण अन् नारळ. म्हणला, आईनं सांगितलंय, बोराईची वटी माझ्याच्यानं भरायची राहिली, ती कांतानं पंचमीला भरावी. बस्स, एवढंच बोलून म्हातारीनं डोळे मिटले. म्हातारीला समजत न्हवतं का, की देवी चाळीस हात पाण्याखाली हाय. समजत व्हतं. तरी सांगितलं. कांतानं ते गठुडं आणून फडातल्या आमच्या कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या, मेढीला टांगलं, अन् रोज फडातून आली की नारळ कानाशी हलवून बघायची, पाणी वाजतंय का.

मी म्हणलं, त्यात काय, धरणावर भोई हायती, थर्माकोलच्या फळकुटावर बसून मासे धरत्यात, त्यातल्या एकाला म्हणू सोड म्हणून. ती म्हणली, माहेरी जायचं ते घरधन्याच्या गाडीतून, परक्याच्या फळकुटावर भाजीची पाटी बसल्यावाणी न्हाई. मी म्हणलं, मंग इंजिनाची भाड्यानं बघू. तर म्हणली, माझ्या गावाच्या डोक्यावरून फटफट करीत जायचं न्हाई, लोक दुपारचे निजले असतील. चाळीस वर्षं पाण्याखाली असलेले लोक दुपारचे निजले असतील. काय बोलणार तुमी याच्यावर.

आता नशीब बघा. ज्या बागायतदाराचा ऊस आमी तोडीत व्हतो, त्याच्या गोठ्यामागं एक शिडाची होडी पडलेली. त्याच्या लेकानं कधी तरी शौकापायी आणली, तिकडच्या तळ्यात फिरवली, मंग लेक परदेशात गेला अन् होडीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. दोन बाजा सांधल्यावर व्हईल एवढी, निळा रंग उडालेला, एका बाजूला माझा हात जाईल एवढी चीर. डोलकाठी न्हवतीच, ती काढून मालकानं तिच्यावर टीव्हीची छत्री बसवलेली. मी विचारलं, आबा, ही देता का. तो म्हणला, काय रं लिंबाजी, तुमच्या बीडात पाणी हाय का चालवायला. मी म्हणलं, आबा, आधी होडी न्यावी, ती बघून पाणी आपोआप येतंय. तो लई हसला. शेवटी असं ठरलं, की बांधाकडंचा राहिलेला ऊस अन् पाचट आमी दोघांनी काढून द्यायचं, अन् आठ दिस वाढं त्याच्या म्हशीला टाकायचं, होडी आमची. कोंबड्या त्याच्या. एक कोंबडी खुडूक व्हती, ती उतरंना, ती बी आमच्यासंगं आली, याचं त्याला आजवर म्हायती न्हाई.

हंगाम संपल्यावर ट्रॉलीत सामानाच्या वर होडी चढवली अन् होडीत बाया बसल्या. ऊन असं की डांबर वितळून टायराला धरत व्हतं. मंग बायांनी चार कळक उभे केले अन् सावलीला लुगडी ताणून बांधली. अन् काय सांगू तुमाला, मांजरसुंब्याचा घाट लागला अन् मागून असं वारं आलं, की लुगडी फुगली, अन् ट्रॅक्टर आपल्या पायानं चालायला लागला. डायव्हर म्हणला, नाना, मी रेस दाबलेली न्हाई. मी म्हणलं, मंग ब्रेकावर पाय ठिव बे, अन् गप बस. गेवराईला उतरून बघतो तर टाकीतलं डिझेल निघताना व्हतं त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त. डायव्हरला विचारा, तो न्हाई म्हणंल, पर त्याचं तोंड बघा म्हणताना.

होडी आमच्या दारापुढं बाभळीखाली आली. चैत, वैशाख. बोअर आटलेली, जनावरं तोंड वासून उभी, अन् मधी ही निळी होडी. दुपारी मी तिच्यात आडवा व्हायचो. वरून बाभळीच्या शेंगा वाजायच्या, उन्हाच्या लाटा रानावरून सरकायच्या, अन् डोळा लागता लागता होडी खरंच हलायची. सुरवातीला लोक हसले. मंग एकेक करून तेच येऊन बसायला लागले. कोण पाटावर बसायचं, कोण टोकाला, अन् मला विचारायचे, नाना, कुठवर आलो. मी डोळे न उघडता सांगायचो, आता गेवराईची येस मागं पडली, आता सिंदफणा लागली, पाय आत घ्या, मगर हाय. अन् तुमी म्हणाल वेडे लोक, पर खरंच पाय आत घ्यायचे. सरपंच बी घ्यायचा.

दुरुस्तीला हाताशी पैका न्हवता, तर जे सापडंल त्यावर भागवलं. चिरेला गफूरभाई. सिरसाळ्याच्या बाजारात फुटक्या टाक्या जोडून देतो, फायबरच्या. तो होडीभोवती एक फेरा मारून म्हणला, नाना, ये तो उलटी टाकी है, बस पानी अंदर के बजाय बाहर रखना है. त्याला ते लई सोपं वाटलं. मी चिरेपुरतं रसायन त्याच्याकडून घेतलं अन् म्हणलं, लावायचं मी बघतो. पर घट्ट करायचं औषध मी अंदाजानं घातलं, भाजीत मीठ घालतो तसं. डब्यातून असा धूर निघाला की शेजारणीनं चूल पेटली समजून भाकरीचं पीठ आणलं. दुसऱ्यांदा गफूरभाईनं स्वतः लावलं, मला लांब बसवून.

डोलकाठीला एकाच्या बांधावर पडलेला तुषार सिंचनाचा जुना पाइप मिळाला, हलका अन् सरळ. सुकाणूला बैलगाडीच्या साट्याची फळी. दोऱ्या म्हंजी कासरे, आमच्या बैलांचे, बैल विकले तवापासून खुंटीला पडलेले. अन् शीड शिवलं कांतानं. खताच्या रिकाम्या गोण्या गावातनं गोळा केल्या, उसवल्या, धुतल्या, अन् दाभणानं एकीला एक जोडली. सगळा जेठ ती शिवत व्हती. सांजच्या वाऱ्याला अर्धं शिवलेलं शीड तिच्या मांडीवरून उठायचं अन् ती त्याला हातानं बसवायची, लेकराला निजवावं तसं. शिडावर जागोजागी छापलेलं, फक्त शेतीसाठी वापरा. मी म्हणलं, कांते, हा कायद्यानं गुन्हा हाय. ती म्हणली, माझं शेतच हाय तिथं खाली, तीन एकर.

आता चूक ऐका. होडीच्या मधोमध एक उभी पेटी व्हती, वीतभर रुंदीची, अन् पेटीच्या तळाला आरपार फट. खालून हात घातला तर वर निघायचा. सगळं गाव बघून गेलं, अन् सगळ्यांचं एकच मत, नाना, फसलास, तुला पोटात भोक असलेली होडी दिली. गफूरभाई म्हणला, पेट में खिडकी कायकू रखे मालूम नहीं. मंग आमी ती फट खालून बुजवून टाकली, तीन थर देऊन, वर रंग. होडीसंगं एक गुळगुळीत फळी आलती, वर रुंद, खाली निमुळती, ती कशाची ते कळंना, तर कांतानं ती रांजणावर झाकण म्हणून ठिवली.

पंचमीला तीन दिस राहिले तवा टेंपोत घालून होडी धरणावर नेली. औंदा मिरगापासून पाऊस बरा व्हता, पाणी लांबवर पसरलेलं. तिथं नामदेव भोई म्हणून हाय, त्याच्या घरी उतरलो. मी विचारलं, बोराईचं देऊळ कुठं असंल रं. तो म्हणला, नाना, आमाला ते कुनी दावायला लागत न्हाई, जाळं जिथं अडकतंय तिथं देऊळ, तिथून वीस हातावर अडकतंय ती बारवेची कड, बाकी गाव सपाट हाय. कांता ऐकत व्हती. तिनं विचारलं, अन् लिंब. नामदेव म्हणला, त्याच्यात अडकून माझी दोन जाळी गेली, ताई.

मी अन् नामदेव होडीत बसलो, शीड वर केलं. असं फुगलं तुमाला सांगतो, की काठावरची बगळी आपली जातभाई समजून उडाली. अन् होडी निघाली. पर पुढं न्हाई. आडवी. तोंड उत्तरेला अन् होडी चालली पूर्वेला, खेकड्यावाणी. मी सुकाणू इकडं मारतो, तिकडं मारतो, ती आपली सरकत सरकत पार त्या काठाच्या बाभळीत जाऊन घुसली. नामदेव म्हणला, नाना, देऊळ मागं राहिलं. मी म्हणलं, दिसतंय मला. थर्माकोलच्या तुकड्यानं वल्हवत परत येईस्तवर दोघांचे खांदे गेले.

कांता काठावर उभी व्हती. गठुडं तिनं या हातातून त्या हातात घेतलं. मला त्याचं लई लागलं. फडात एवढ्या वर्षांत मी कुठलं काम अर्धं टाकलं न्हाई, अन् हे एक, तिचं एक काम, ते असं वाकडं चाललेलं. मी उगंच बोलत राहिलो, वाऱ्याला शिव्या, होडीला शिव्या, त्या बागायतदाराला शिव्या. ती होडीकडं बघत व्हती. मंग म्हणली, अवं, नांगराला फाळ न्हाई तर बैल वढतील तिकडंच घसरणार की तो, मातीत काही तरी रुतायला नको का. ती म्हणली, ती पेटी अन् ती फट उगंच कोन ठिवंल. तुमचा फाळ माझ्या रांजणावर हाय.

मी दुसऱ्या दिशी सकाळच्या एस्टीनं घरी आलो, रांजणावरनं फळी उचलली, पाण्यावर ताट झाकलं, अन् परतीच्या गाडीला फळी काखेत घेऊन चढलो. कंडक्टर म्हणला, हे काय हाय, याचं सामानाचं तिकीट लागंल. मी म्हणलं, नांगराचा फाळ हाय. तो म्हणला, लाकडाचा फाळ कुठं असतोय. मी म्हणलं, पाणी नांगरायचंय. माझ्याकडं बघितलं, पुढच्या शिटाकडं गेला, परत आला, म्हणला, बाबा, घरचं कुनी हाय का संगं.

पंचमीच्या आदल्या दिशी होडी पालथी घातली. बुजवलेली फट आता उघडायची, अन् गफूरभाईचं काम असं पक्कं, की नुसतं खरडून काही व्हईना. जोरात मारावं तर तळ चिरंल, अन् तळ चिरला तर पंचमी गेली. हत्यार म्हणून माझ्याकडं एकच, कोयता. कांता म्हणली, द्या इकडं. उसाच्या बुडाला, मातीला न लागू देता कोयता कसा मारायचा, ते तिच्या हाताला ठाऊक हाय. ती गुडघ्यावर बसली अन् मोजून मारत गेली, हलके, एका रेषेत, जसं काही त्या फटीला दुखंल. दुपारी शेवटचा कपचा निघाला, तळाला चरा बी न्हाई. होडी पाण्यात ढकलली, तर पेटीत पाणी चढलं, मी म्हणलं बुडालो, अन् पाणी अर्ध्या पेटीला येऊन थांबलं, कुनीतरी तिथवरच ये सांगितल्यावाणी. वरून फळी घातली, चपखल बसली.

पंचमीला सकाळी नामदेवच्या बायकोनं कांताला बांगड्या भरल्या. कांता नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन आली. तरी थांबली. मी म्हणलं, आता काय. म्हणली, मुराळी न्हाई. तिच्या भावाच्या पायाला लागलं व्हतं, तो आला न्हवता. नामदेवनं डोक्याचं मुंडासं नीट केलं अन् म्हणला, ताई, मी व्हतो की मुराळी, चला, उशीर झाला तर आई रागं भरंल. अन् तो आपल्या थर्माकोलवर बसून पुढं निघाला, अन् मागं आमचं खताच्या गोण्यांचं शीड.

होडी सरळ गेली. मी काय सांगू तुमाला कशी गेली. आवाज न्हाई, धक्का न्हाई, नुसतं पाणी फळीला लागून बोलल्यासारखं. एका जागी नामदेवनं हात वर केला, वल्हं उभं धरलं अन् बाजूनं आपला निघून गेला. अन् तिथून कांतानं रस्ता धरला. म्हणली, आता हळू, ही गावची येस. आता चावडीवरनं डावीकडं घ्या. मी सुकाणू डावीकडं घेतलं. ही कुंभाराची गल्ली, इथं खड्डा हाय. मी खड्डा चुकवला. हा आमचा गोठा, इथं उजवीकडं, लिंबाला धडकू नका. मी लिंबाला वळसा घातला. पाण्यावर काही न्हाई, निस्ता आभाळाचा रंग, ढग खाली अन् वर. अन् मी, ज्यानं उभ्या जन्मात दिसलं त्याच्यापेक्षा दुप्पट सांगितलं, मी वाकून बघितलं तर मला खरंच एका घराच्या माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या. कांताला म्हणलं, मिरच्या दिसत्यात गं. ती म्हणली, पंचमीला कोन मिरच्या वाळवतंय, शेवाळ असंल.

देवळावर आलो अन् वारं पडलं. शीड गळून गेलं. कांतानं गठुडं सोडलं, खण पाण्यावर ठिवला, तो भिजत भिजत, पसरत, हिरवा हिरव्यात गेला. मंग हळदकुंकू, अन् नारळ. अन् नारळ काही बुडंना. नारळ तरंगतोय हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं न्हवतं, आमाला काय म्हायती, आमी नारळ कधी पाण्यात सोडलाय. तो होडीला टेकून हलत राहिला. मी म्हणलं, दगड बांधू का. कांता म्हणली, राहू द्या, देवी वर येऊन घेईल सवडीनं. तिनं हात जोडले, आईचं नाव घेतलं, वटी भरली असं मोठ्यानं सांगितलं, खाली ऐकू जावं असं.

मंग ती पाटावरून खाली उतरली, उरलेल्या गोण्यांची घडी केली, डोक्याखाली घेतली अन् म्हणली, जराशी पडते. अन् निजली. तुमाला यातलं काय कळतंय का ते मला ठाऊक न्हाई. बाई सासरी दुपारची निजत न्हाई. फडात तर ती पहाटं तीन वाजता उठती, माझ्या आधी, भाकरी थापून, पाणी भरून फडावर येती, अन् चाळीस वर्षांत दुपारी मी तिला आडवी झालेली बघितली न्हाई, दुखण्यात सोडून. माहेरी गेलेली लेक निजती, तिला कुनी उठवत न्हाई, आई म्हणती, निजू द्या, दमून आलीय. तशी निजली ती, तोंड उघडं ठिवून, एक हात पाण्यात.

थोड्या येळानं वारं आलं. चांगलं वारं, सरळ काठाला नेणारं. शीड फडफडायला लागलं तर मी उठून ते दोन्ही हातांनी आवळून धरलं, आवाज व्हऊ नये म्हणून. काठावरनं नामदेवनं काही तरी विचारलं, मी मान हलवली. हात भरून आले. मी बोललो न्हाई. घटका गेली, दोन गेल्या, मी एक शब्द बोललो न्हाई, हे आमच्या गावात कुनी खरं मानत न्हाई, बाकी सगळं मानत्यात, ट्रॅक्टरचं बी मानत्यात. दिवस कलला तवा तिनं डोळे उघडले, आभाळ बघितलं, मंग मला बघितलं, शीड पोटाशी धरून उभा. म्हणली, उठवलं कावून न्हाई. मी म्हणलं, कोन उठवणार, तू माहेरी हायस.

नारळ तवर कुठं गेला ते मी बघितलं न्हाई. देवीनं घेतला म्हणा, वाऱ्यानं नेला म्हणा.

आता दसरा झाला की टोळी निघंल, आमी बी निघू, गुडघे दोघांचे गेलेत पर कोयता अजून चालतोय. होडी नामदेवच्या दारात पालथी हाय, होडीसंगं टेंपोतनं आलेली खुडूक कोंबडी तिच्याखाली बसली व्हती, तिला आता पिल्लं झालीत. तुमी लिहून घेतलं, बरं केलं, खोटं वाटंल तिथं खुशाल खोडा, फक्त तिची झोप खोडू नका. अन् देव तुमचं भलं करो, तुमच्या घरच्या बाईमाणसाला एखादी दुपार अशी मिळो, की कुनी हाक मारणार न्हाई.